सात माणसं आणि चार माईक

मी नांदेडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्यामुळे वायर, प्लग आणि चार्जर या विषयांवर आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जी फजिती झाली ती कुणा अडाण्याची नव्हती.

माझं माहेर लातूरचं. माझ्या वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. त्यांचं कापडाचं दुकान होतं, ते आता भाऊ बघतो. अप्पांकडे उरलं ते सोमवारचं शिवभजन. त्यात माणसं सात. गाणारे गुरुजी, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, पेटीवाले काका, मृदंगवाले मामा, आणि मागे झील धरणारे, म्हणजे ओळ परत म्हणणारे चार टाळकरी. अप्पा त्या चारांतले एक. तीस वर्षं ते गुरुजींच्या उजव्या गुडघ्याला लागून बसतात.

एप्रिलमध्ये अप्पांचा फोन आला. "गुरुजी जूनमधी पुण्याला चाललेत. पोराकडं. कायमचेच. भजन बंद पडतंय बघ आता."

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की गुरुजी जायच्या आत सगळं भजन मी रेकॉर्ड करून देणार. गुरुजींना आठवण म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण माझ्यापुरतं होतं. मला अप्पांचा आवाज हवा होता. हा माणूस जन्मात कधी एकटा गायला नाही, अंघोळ करतानासुद्धा नाही. लहानपणी आतल्या खोलीत पडल्या पडल्या मी त्या चार टाळकऱ्यांतून अप्पांचा आवाज निवडून काढायला बघायचे आणि तसंच झोपून जायचे. चौघांचा मिळून एकच आवाज यायचा. भजन बंद पडलं की तोही जाणार होता.

माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न्यायला मध्ये एक डबा लागतो, त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. जितकी चॅनेल तितके आवाज वेगवेगळे साठतात, आणि मग कुठलाही एक सुटा ऐकता येतो. मी कागद घेऊन बसले. गुरुजींना एक, पेटीला एक, मृदंगाला दोन बाजू म्हणून दोन, टाळकऱ्यांना चार. बरोब्बर आठ.

"अगं, दोनचा घे," नवरा म्हणाला. "दोन माईक समोर ठेव. भजन आपोआप आत जातंय."

भजन आत जाईल हो, पण अप्पा कुठे सापडणार? हे मी बोलले नाही. "तुम्हाला त्यातलं कळत नाही," एवढंच म्हणाले.

पुढचे तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. हिंदीतले व्हिडिओ बघितले, तेलुगूतलेही बघितले, जे मला निम्मेच समजतात. कुठला डबा गरम होतो, कुठला खरखरतो, सगळं वहीत उतरवलं. नवरा म्हणाला, "लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी केली नव्हतीस."

"म्हणून तर आता करतेय," मी म्हणाले.

शेवटी एक पसंत केला. अंगावर ठळक अक्षरात आठाचा आकडा. अप्पांना फोनवर मोठ्या उत्साहानं वर्णन सांगितलं, तर ते म्हणाले, "उलटी बाजू बघितलीस का? कापड असू दे का डबा, गिऱ्हाईकानं उलटी बाजू बघावी. सुलटी तर दुकानदार दाखवतोच की."

"अप्पा, याला उलट-सुलट नसतं," मी म्हणाले आणि ऑर्डर देऊन टाकली.

मे महिन्यातल्या एका सोमवारी डबा मांडीवर आणि उसने आणलेले आठ माईक पायाशी, अशी मी एसटीनं लातूरला पोचले. सकाळी दहाला सातही जण धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत सतरंजीवर हजर. मृदंगवाले मामा तर कटिंग करून आले होते. मी पहिला हुकूम सोडला तो कूलर बंद करण्याचा. मे महिना, लातूर, आणि कूलर बंद! सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी मान खाली घालून वायरी जोडू लागले.

चार माईक बसले. पाचवा बसेना. डब्याच्या पुढच्या बाजूला माईकची भोकं चारच होती. मी डबा फिरवला. मागे आणखी चार होती, पण ती वेगळी, कीबोर्डसारख्या वाद्यांसाठी. एका पिन बदलणाऱ्या वायरीनं तिथं माईक लावून बघितला, तर त्याचा अशक्त आवाज उचललाच जाईना. चॅनेल आठ, हे खोटं नव्हतं. माईकची फक्त चार. वेबसाइटवर मागच्या बाजूचा फोटोही होता. इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडमनी तो उघडला नव्हता.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही."

"उलटी बाजू बघितली न्हाईस व्हय?"

सात जणांसमोर विचारलं. कूलर बंद असल्यामुळे ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

आता सात माणसं आणि चार माईक. मी भराभर वाटणी केली. गुरुजी एक, पेटी एक, मृदंग एक, आणि चौथा मुद्दाम अप्पांच्या पुढ्यात ठेवला. लगेच मानपान सुरू झालं. लग्नात आहेर चुकला की व्याही बसतात तसे मृदंगवाले मामा तोंड फिरवून बसले.

"माझ्या मृदंगाला दोन तोंडं हायेत. एका माईकनं कसं भागंल? का डाव्या हातानं वाजवूच नको?"

"मामा, एक मध्ये ठेवते ना."

"मधी काय हाय? मधी लाकूड हाय!"

खरं तर मामांचं बरोबर होतं. माझ्याच कागदावर मृदंगाला दोन लिहिले होते. तेवढ्यात अप्पांनी आपल्या पुढचा माईक उचलला आणि मामांच्या डाव्या हाताशी ठेवला. "घे रे. मला कशाला माईक? टाळ तर गल्लीत बी ऐकू जातोय."

"अप्पा, राहू द्या तुमच्याकडे," मी म्हणाले.

"न्हाई म्हणलं ना." हे मात्र ते जरा तुटकच बोलले.

मला इतका राग आला, की रडू येईल असं वाटलं. तीन आठवड्यांची वही, उसने माईक, सगळा खटाटोप ज्या एका आवाजासाठी, त्यानंच माईक देऊन टाकला. मी हेडफोन कानावर चढवला आणि कुणाकडे न बघता बटण दाबलं.

भजन मात्र रंगलं. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण कुणी टाळ थांबवला नाही. चौथ्या भजनात गुरुजींनी वरचा सूर धरला आणि गल्लीतून आरोळी आली, "नळ आलाऽऽ!" आमच्याकडे नळाला पाणी येतं ते आठ-दहा दिवसांनी. भजन जिथल्या तिथे सोडून तीन टाळकरी आणि पेटीवाले काका घरी पळाले. रेकॉर्डिंगमध्ये ते सगळं आहे: गुरुजींचा अधांतरी सूर, चपलांची फटफट, आणि मामांचा आवाज, "माझी बी टाकी बघा रे!" तासाभरानं सगळे ओल्या बाह्यांनी परत आले आणि त्याच ओळीपासून पुन्हा सुरुवात झाली.

पुढच्या रविवारी सकाळी नांदेडला मी एकेक चॅनेल सुटं ऐकायला बसले. आधी गुरुजींचं. पहिलं कडवं संपलं, आणि दुसऱ्याच्या आधी, गुरुजी श्वास घेत असताना, एक हलका आवाज आला. दुसऱ्या कडव्याचे पहिले दोन शब्द, अगदी कुजबुजल्यासारखे. त्यामागून लगेच गुरुजींनी ती ओळ उचलली. तिसऱ्या कडव्याआधी तसंच. चौथ्याआधी तसंच. पुढच्या भजनातही तसंच.

उजव्या गुडघ्याशी कोण बसतं ते मला माहीत होतं. मी लातूरला फोन लावला.

"अप्पा, तुम्ही गुरुजींना ओळी सांगता?"

अप्पांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "ऐकू येतंय व्हय त्यात?"

"फक्त गुरुजींच्या माईकमध्ये. किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं झाली असतील. त्यांना आठवंना झालंय आता. सूर लागतोय, शब्द जातेत. कुणाला म्हाईत न्हाई. म्हणून तर माईक नको म्हणत होतो." मग एकदम कळवळून म्हणाले, "बाई, ते काढून टाक. तिकडं नातवंडं ऐकतील. आजोबांला सगळं पाठ हाय असं वाटू दे त्यांना."

मी हो म्हणाले. ज्या आवाजासाठी एवढं केलं, तो आता मलाच पुसायचा होता. दिवसभर बसून गुरुजींच्या चॅनेलवरून मी तो एकेका जागेवरून कापला. नवरा मागे उभा राहून बघत होता. गुरुजींचा माईक वेगळा असल्यामुळे त्यांच्या दोन ओळींमधली जागा तेवढी गप्प करता येत होती आणि बाकीचं भजन चालू राहत होतं.

"दोनच्या डब्यात हे जमलं नसतं," तो आपणहून म्हणाला. एरवी मी हे वाक्य वर्षभर पुरवून वापरलं असतं. त्या दिवशी नुसती मान हलवली.

गुरुजी पुण्याला गेले ते स्वच्छ भजन घेऊन. त्यात ते कुठेही अडखळत नाहीत. तिकडे नातवंडं रोज ऐकतात, असं कळलं.

कापलेले तुकडे मात्र मी टाकले नाहीत. ते सगळे एकापुढे एक जोडले आणि फोनमध्ये ठेवले. पुरती तीन मिनिटंही भरत नाहीत. त्यात टाळ अगदी मागे आहे, पुढे फक्त अप्पा. पण त्यात पूर्ण ओळ एकही नाही, नुसते पहिले दोन-दोन शब्द.

परवा भाकरी थापताना ते लावलं होतं. अप्पांनी दोन शब्द सांगितले आणि पुढची ओळ माझ्या तोंडातून आपोआप आली. मी ही भजनं कधी शिकले नव्हते. तुकडा संपला, अप्पांनी पुढचे दोन शब्द दिले. मी तीही ओळ म्हटली.