राइनकाठची राखीव टेबलं

जर्मनीत लुडविग्सहाफेनमध्ये राइनच्या काठावर एक बिअरगार्टन आहे, म्हणजे झाडांखाली टेबलं मांडलेलं बिअरचं उपाहारगृह. तिथल्या हेडवेटरची नोकरी घालवायची, असं मी एका रविवारी दुपारी ठरवलं.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. चालून त्यांचे गुडघे भरून आले होते. रिकामं टेबल बघून मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, तेवढ्यात हा हेडवेटर आला आणि टेबलावर ‘रेझर्व्हिएर्ट’, म्हणजे राखीव, अशी पाटी ठेवली. शेजारच्या टेबलावरही ठेवली. पाट्या त्याच्या एप्रनच्या खिशातच असायच्या.

“जावईबापू, कुणी यायचंय का?”

“हो, मोठी पार्टी आहे,” मी म्हणालो.

आम्ही समोरच्या कठड्यावर टेकलो. जरा वेळानं एक गोरं जोडपं आलं. वेटरनं पाटी उचलून खिशात टाकली आणि त्यांना बसवलं.

“पार्टी लहानच निघाली हो,” सासूबाई म्हणाल्या आणि हसल्या. मला आजही त्यावर हसू येत नाही.

जुनी यंत्रं घेऊन विकणं हा माझा धंदा. कुणाचा हात धरून उभा केलेला नाही. गिऱ्हाईक अडलं की मालक वाकतो, हे मला कळतं. शहरात वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करणारी पोरं होती. त्यांत रसायनशास्त्रात डॉक्टरेट करणारी एक मराठी मुलगी होती. त्यांना बिअरगार्टनच्या दारात घोषणा द्यायच्या होत्या. मी म्हटलं, “घोषणा ऐकत लोक आणखी एक बिअर पितात. रांग लावा.”

मग दर रविवारी रांग. काळे, सावळे, त्यांच्या जोडीला काही गोरेही. प्रत्येकानं सभ्यपणे टेबल मागायचं, नकार ऐकायचा, आभार मानायचे आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. मध्ये अडकलेली तहानलेली गिऱ्हाईकं आधी आम्हालाच शिव्या द्यायची. पण त्यांच्या डोळ्यांसमोर पाट्या मांडलेली टेबलं रिकामी होती. शेवटी एक जर्मन आजीबाई वेटरवर ओरडल्या, “येणार तरी कोण आहे इथे? कधीची बघतेय!” त्यानंतर शिव्यांनी दिशा बदलली.

मालक बोलायला बाहेर आला. “तुमच्या कुटुंबाला नदीकडचं टेबल, कायमचं. आणि मी माफी मागतो.”

“टेबल नको. त्या वेटरला काढा.”

“काढतो,” तो लगेच म्हणाला.

इतक्या पटकन होकार आला की मी ओळखतो, आपण फार कमी मागितलं. तरी माझा हात पुढे गेलाच होता. शेजारून ती मुलगी मराठीत पुटपुटली, “काका, उद्या दुसरा वेटर, पाट्या त्याच. हे घेतलंत तर पुढच्या रविवारी तुम्ही एकटेच उभे राहा.”

कार्टीनं मला माझ्याच धंद्यात शिकवावं! पण मी हात मागे घेतला. “वेटर राहू दे. राखीव टेबलंच बंद. जो आधी येईल तो बसेल. दारावर तुमच्या नावानं लिहा.”

त्याचा चेहरा लाल झाला. “निम्मी टेबलं खुली ठेवली तर?”

“मग रविवारी रांगेत भेटू.”

त्यानं लिहिलं. आता तिथे कुणीही येतं, हवं तिथे बसतं. मागे काय झालं, ते त्यांना ठाऊक नसतं. ती डॉक्टरेटवाली मुलगी म्हणते, हेच तर हवं होतं. असेल. त्या वेटरची नोकरी घालवायची मात्र राहूनच गेली.

म्हणून मी रविवारी गर्दीच्या वेळी नदीकडचं टेबल धरतो, त्यालाच हाक मारतो, सफरचंदाच्या रसाचा एकच ग्लास मागवतो आणि दुपारभर बसतो.

“आणखी काही?” तो विचारतो.

“विचार करतोय,” मी म्हणतो.