मोजणी वाढवायची राहिली

भरतकामाच्या कारखान्यात त्यांना सगळे काकू म्हणायचे. काकू एका जागी स्वस्थ बसलेल्या कुणी पाहिल्या असतील तर शपथ! एक फूल भरलं की उठून पाणी प्यायच्या, दुसरं भरलं की खिडकी उघडायच्या, तिसऱ्यानंतर शेजारच्या चष्मेवालीच्या कामात नाक खुपसायच्या. काम मात्र इतकं सुबक, की नाव ठेवायला जागा नाही.

मग मालकांनी कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आणलं. म्हणाले, "काकू, याचा प्रोग्राम लिहायला शिकलात तर राहाल." झालं! काकूंची झोपच उडाली. या वयात दुसरीकडे त्यांना दारात तरी कोण उभं करणार होतं?

सून कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. तीच शिकवायला बसली. "आई, प्रोग्राम म्हणजे मशीनला ओळीने दिलेल्या सूचना. व्हेरिएबल म्हणजे नाव लावलेला डबा. नाव तेच, आतला माल बदलतो. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा. आणि कंडिशन म्हणजे अट, कधी थांबायचं ते सांगणारी."

"म्हणजे गॅस बंद कर, गॅस बंद कर, असं मी तुला रोज सांगते ते लूप."

"हो, आणि मी बंद केला की थांबायचं, ही अट. ती तुम्ही कुठे पाळता?"

काकू खो खो हसल्या, पण जीव थाऱ्यावर नव्हता. भाजी परततानाही लूप, कंडिशन, व्हेरिएबल असं पुटपुटायच्या आणि एखादा शब्द निसटला की कढई तशीच सोडून सुनेकडे धावायच्या. बिचारीला धड जेवूही देईनात.

मालकांनी ठरवलेल्या परीक्षेच्या दिवशी टेबलक्लॉथच्या कडेला आठ फुलं भरायची होती. काकूंनी लिहिलं, फुलांची मोजणी आठ होईपर्यंत भरत राहा. मशीन सुरू झालं. एक, दोन, तीन... आठ झाली, तरी ते आपलं चालूच! कापडाची कड ओलांडून सुई कापड ताणून धरणाऱ्या चौकटीवर आदळली आणि तुटली.

"राहू द्या काकू," मालक वैतागले, "हे तुमच्याच्याने व्हायचं नाही."

"थांबा हो जरा!" काकूंनी सुनेला फोन लावला. सगळं ऐकून सुनेने एकच विचारलं, "प्रत्येक फुलानंतर मोजणी एकने वाढव, असं लिहिलंत का?"

काकूंनी कपाळावर हात मारला. हाताने भरताना त्यांनी जन्मात फुलं मोजली नव्हती. कड आली की हात थांबायचा. ते काय कुणाला सांगायचं असतं? इथे मशीनची मोजणी शून्यावरच बसली होती, मग ते थांबेल कशाला? अशा चुकीला बग म्हणतात, हेही सुनेने सांगितलं. त्यावर काकूंनी बगला दोन शिव्या हासडल्या, राहिलेली ओळ लिहिली आणि नवी सुई लावून घेतली. आठवं फूल पुरं झालं आणि मशीन गप्प झालं.

"वा! उद्यापासून ही खुर्ची तुमची," मालक खूश होऊन म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हाताने भरणाऱ्यांची आता गरज नाही. तुमचं ऐकतात सगळ्या, तुम्हीच सांगून टाका." आणि ते निघून गेले.

काकूंनी वळून हाताने भरत बसलेल्या सगळ्या जणींकडे पाहिलं. इतके दिवस त्यांनी फक्त आपल्याच जागेचा घोर लावून घेतला होता. बाकीच्यांचं काय होणार, हे मनातसुद्धा आलं नव्हतं, आणि त्याची आता त्यांना भयंकर लाज वाटत होती.

चष्मेवाली हातातलं काम टाकून धावत आली आणि तिने काकूंना मिठीच मारली. "जिंकलीस गं! काय म्हणाले मालक? सांग की!"