अडतीस दंडांवरच्या खुणा

निजामाच्या राज्याची शेवटची पाच-सहा वर्षं. बसवंत देगलूर तालुक्यात देवीची लस टोचत गावोगाव फिरायचा. खांद्याला पेटी, बगलेत उर्दू नोंदवही. तो वेशीत दिसला की आया पोरांना कणगीमागं लपवत. तरी बारा वर्षांत त्याच्यावर एक ठपका आला नव्हता.

आला तो तांबोळवाडीवरून. फाल्गुनात त्यानं तिथल्या एक्केचाळीस पोरांची नावं वहीत लिहिली. गावचा पाटील दगडोबा पोरं गोळा करून द्यायला फिरकला नाही, हेही वर कळवलं. दोन महिन्यांनी त्याच्यावरच हुकूम निघाला: हा माणूस तांबोळवाडीला गेलाच नाही, सगळी नावं खोटी. कामावरून मुअत्तल. आठ दिवसांत जबाब द्यावा.

बसवंत नांदेडला जिल्ह्याच्या कचेरीत गेला.

"माझ्याविरुद्ध कोण बोललं, तो कागद तरी दाखवा."

कागद सांभाळणाऱ्या पेशकारानं मान वर केली नाही. "पहले जबाब लिखो."

"काय म्हटलंय ते न बघता जबाब कशाचा लिहू?"

"कसूर हुआ, माफी दो, इतना लिखो. छूट जाओगे."

बसवंतनं ते लिहिलं नाही. तक्रारीची नक्कल द्यावी, साक्षीदाराला माझ्यासमोर विचारावं, असा अर्ज दिला. तो परत आला. दुसराही परत आला.

घरी त्याचा पाय एका जागी ठरेना. अर्ध्या भाकरीवरून उठायचा, टपालवाला यायच्या आधीच कोपऱ्यापर्यंत दोनदा जाऊन यायचा, पुसलेल्या सुया पुन्हा पुसायचा. शेवटी बायकोनं, जगदेवीनं, विचारलं, "तुमी गेला होता ना तिथं?"

"हाव."

"मग एवढं कशाला भिऊन राहिलात?"

तेव्हा त्यानं सांगितलं. टोचली होती अडतीसच पोरं. तीन घरांनी दारं उघडली नाहीत, आणि वरून आकडा पुरा करायचा तगादा होता. म्हणून तीन नावं त्यानं तशीच लिहिली होती.

"अगं बाई! मग साक्षीदार कशाला मागताव? पोरं मोजली की सापडताल."

"माफी मागितली तर मी गेलोच न्हाई असं व्हतंय. ते कसं लिहू?" एवढं बोलून तो परत अंगणात येरझारा घालू लागला.

तिसरा अर्ज गेला तोवर कचेरीत नवा अधिकारी आला होता. त्यानं कागद मागवले. तपास करणारा तांबोळवाडीला गेलाच नव्हता. पाटलाचा जबाब देगलुरात बसून घेतला होता. अधिकाऱ्यानं तारीख लावली. चौकशी तांबोळवाडीच्या चावडीत, बसवंतच्या समोर.

त्या दिवशी दगडोबा ठासून म्हणाला, "ह्यो माणूस आमच्या गावात आलाच न्हाई."

"पूछो," अधिकारी बसवंतला म्हणाला.

दोन महिने हेच मागत होता, पण आता विचारलं की पोरं मोजली जाणार होती. कसंबसं त्यानं विचारलं, "पाटील, मी आलो नसंल, तर तुमच्या नातीच्या दंडावर ते काय हाय?"

 सुनेनं दगडोबाला न विचारता पोरगी टोचायला नेली होती.

अधिकाऱ्यानं वही उघडली आणि सगळी पोरं बोलावली. बाह्या वर झाल्या. एकेका दंडावर चार-चार गोल वण. तो स्वतः मोजत गेला आणि अडतीसवर थांबला.

"बाकी तीन?"

"गेली असतील मामाच्या गावाला," अधिकाऱ्याबरोबर आलेला कारकून हळूच म्हणाला.

बसवंत पुढं झाला. "न्हाई साहेब. त्यांना टोचलंच न्हाई. नावं मी लिहिली."

 अधिकाऱ्यानं ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि बसवंतची सही घेतली.

निकालाला सतरा दिवस लागले. ते कसे गेले ते जगदेवीला ठाऊक. गावात न गेल्याचा आरोप रद्द झाला. तीन खोट्या नोंदींबद्दल दोन वर्षं बढती बंद आणि मुखेडला बदली.

नव्या गावी हजर व्हायच्या आधी बसवंत पेटी घेऊन पुन्हा तांबोळवाडीला गेला. त्या तीन घरांतल्या दोघी आयांनी पोरं पुढं केली. तिसरी, सिंधू, दारामागूनच ओरडली, "न्हाई म्हणलं ना!" तो दुपारभर तिच्या ओट्यासमोर उभा राहिला, बसला, पुन्हा उठला. दार उघडलं नाही. ऊन कलल्यावर त्यानं वहीत लिहिलं, 'टोचले नाही, आईचा नकार', आणि तो भराभर वेशीकडं निघाला.