वरच्या अंगाचं शेवटचं घर

मी जाणारच नव्हते. पण सरांच्या पत्नीचा फोन आला. "वेल्ह्याकडच्या कातकरीवाडीला वनहक्काच्या दाव्यासाठी यांच्याकडची घरमोजणीची जुनी वही हवीय. सोमवारी भोरला सुनावणी आहे. अक्षर तुझं, तर तूच ने." सरांना जाऊन वर्ष झालं, तरी मला कामाला जुंपणं काही थांबलं नाही!

तर मंडळी, निघणार असाल तर ऐका. रविवारी स्वारगेटहून चेलाडी फाट्यापर्यंत एसटी बरी मिळाली. पुढे वडाप. जीपवाला 'भरली की निघू' म्हणतो आणि ती भरतच नाही. शेवटी चौदा माणसं, आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. पुढचा तासभर पायी चढ. पाणी सोबत घ्या.

सर मानवशास्त्र शिकवायचे म्हणजे आम्हाला असंच तंगडतोड करायला लावायचे. "एकही चूल सुटता कामा नये," हा एकच धोशा. कातकऱ्यांच्या हक्कांसाठी त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि आमच्या चपला.

वाडीत वनहक्क समितीच्या हिरामणनं वही उघडली. शेजारी बुधीआजी येऊन बसल्या. "माजं घर बग रं. पार वरचं, शेवटचं. माज्याकडं कागद न्हाई एकबी."

हिरामण थबकला. "ताई, हितं तर 'घर बंद' लिवलंय."

"बंद?" आजी उसळल्या. "कुडाच्या खोपीला दारच नव्हतं, बंद कुठनं व्हईल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षांपूर्वी पाय दुखत होते, म्हणून मी खालूनच 'घर बंद' लिहून उतरले होते.

हिरामणनं पान उलटलं. मागे लाल शाईत सरांचं अक्षर. आजींच्या सासऱ्यांपासून सगळी नावं, एक चूल, दोन शेळ्या, नाचणीचा तुकडा.

"व्हय, दुसऱ्या दिशी आलतं की सर," आजी म्हणाल्या. "म्हनलं, पोरगी दमलीया, म्हून म्या आलो."

रात्री हिरामणकडे भाकरी आणि सुकट. उत्तम होतं.

सोमवारी भोरला स्टँडसमोर चहा घेऊन प्रांत कचेरीत गेलो. साहेबांनी विचारलं, "एकाच घराच्या दोन नोंदी? खरी कुठली?"

"लाल," मी म्हणाले. "निळी माझी. ती खोटी आहे." तसं लिहून सही केली. पान दाव्याला जोडलं गेलं. निकाल यायचाय.

घरी आल्यापासून चिडचिड होतेय. त्या वहीला सरांनी मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क दिले होते. एकदा तरी ओरडायचं होतंत, सर.