आधी शाल, मग भाषण

माझ्या मुलीला 'लिव्ह्ड एक्स्पीरियन्स' म्हणतात, हे मला ती वीस वर्षांची झाल्यावर कळलं. तोवर तिला काय काय म्हणून झालं होतं! शाळेत 'प्रॉब्लेम चाइल्ड', साताऱ्याला माझ्या माहेरी 'बिचारी', आणि इथे चेन्नईत, आमच्या वेलचेरीच्या सोसायटीत नुसतंच 'ती सी ब्लॉकमधली'. मग एक दिवस फोन आला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "मॅडम, आमच्या परिषदेत एक लिव्ह्ड एक्स्पीरियन्स हवाय. पाच मिनिटांचा." पूजेला नारळ हवाय म्हणून सांगावं तसं.

परिषद ऑटिझमवर होती. संशोधकांनी संशोधन सांगायचं, ऑटिस्टिक माणसांनी स्वतःचा अनुभव सांगायचा, आणि दोन्ही ऐकून शाळावाल्यांनी, ऑफिसवाल्यांनी सुधारायचं, असा बेत. बेतात खोट नव्हती. खोट माणसांत होती.

मुख्य वक्ते जे डॉक्टर होते, त्यांना मी ओळखत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची एक विद्यार्थिनी आमच्या घरी येऊन चौदा पानांची प्रश्नावली भरून घेऊन गेली होती. मुलगी मैत्री करते का? तिला विनोद कळतात का? कुणी रडलं तर तिला काही वाटतं का? सगळे प्रश्न मला. मुलगी त्याच सोफ्यावर, माझ्या शेजारी बसलेली. सहाव्या पानावर ती म्हणाली, "मी इथे आहे." त्या बयेनं मान वर करून गोड हसून घेतलं आणि सातवं पान उलटलं. जाताना माझी कॉफी पिऊन, 'निष्कर्ष नक्की पाठवू' म्हणून गेली. कसले निष्कर्ष आणि कसलं काय! आमच्या तोंडाला पानं पुसली ती पुसलीच.

तेव्हा मी फोनवर नाहीच म्हणणार होते. पण फोन स्पीकरवर होता आणि मुलीनं ऐकलं होतं. ती म्हणाली, "मी बोलणार."

माझी मुलगी बोलते कमी. दिवसाला वीस-पंचवीस वाक्यं, तीही मोजकी. लिहिते मात्र भरपूर. तिनं भाषण लिहायला घेतलं, आणि तीन महिने आमच्या घरात दुसरं काही झालं नाही. रोज सकाळी मी वॉशिंग मशीन लावायची, आणि ती मशीनशेजारी उभी राहून भाषण मोठ्यानं म्हणायची. त्या घरघरीत तिला स्वतःचा आवाज बोचत नाही. भाषण होतं तीन मिनिटांचं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: 'शाळेत मला दोन वर्षं वर्गाबाहेर बसवलं, तिथून फळा दिसत नव्हता, पण बाईंचा आवाज येत होता, म्हणून मी पास झाले.' हे वाक्य तिला शंभर शिक्षकांच्या तोंडावर म्हणायचं होतं. स्वतःच्या तोंडानं, उभं राहून. दुसऱ्या कुणी वाचून दाखवलेलं तिला नको होतं. आयुष्यात तिनं पहिल्यांदा काहीतरी असं हट्टानं मागितलं होतं.

भाषणाबरोबर तिनं चार अटी लिहिल्या. डोळ्यांवर लाइट नको. टाळ्या नकोत, हात हलवा. मला न विचारता अंगाला हात लावू नका, अंगावर काही घालू नका. माझं बोलणं संपेपर्यंत मध्ये कुणी बोलू नका. मी त्या इंग्रजीत करून ईमेलनं पाठवल्या. अर्ध्या तासात उत्तर: 'नोटेड विथ थँक्स.' हे 'नोटेड' मी बँकेत सव्वीस वर्षं स्वतःच लिहिलेलं आहे. कागद ज्या फायलीत पुन्हा कधी बघायचा नसतो, त्या फायलीवर ते लिहितात.

परिषद मैलापूरला, एका संगीतसभेच्या हॉलमध्ये. आम्ही वेलचेरीहून ट्रेननं गेलो. ही उंचावरून जाणारी ट्रेन तिला फार आवडते; स्टेशनं ओसाड असतात आणि दर वेळी त्याच क्रमानं येतात. मंदवेळी स्टेशन गेल्यावर ती उठून दारापाशी उभी राहिली आणि ओठ हलवत भाषण म्हणू लागली. मी घड्याळ लावलं. तीन मिनिटं. एक शब्द चुकला नाही.

हॉलच्या दाराशी हे एवढे मोठाले स्पीकर. आत एसी असा की दात वाजावेत. बॅनरवर 'समावेशन' हा शब्द इंग्रजीत आणि तमिळमध्ये, आणि खाली नऊ मान्यवरांचे फोटो. त्या नवात ऑटिस्टिक माणूस एकही नाही. माझ्या मुलीचं नाव कार्यक्रमपत्रिकेत जेवणाच्या आधी, 'एक मनोगत' म्हणून. मग समई लावणं, प्रार्थना, एकमेकांची स्तुती. एका मान्यवरांनी दुसऱ्यांना 'माझे मोठे बंधू' म्हणायला बारा मिनिटं घेतली. मुलगी कानांवर हेडफोन लावून, भाषणाचा कागद मांडीवर धरून सगळं सहन करत होती. मी नुसती धुमसत होते.

शेवटी डॉक्टर उठले. बोलले मात्र छान, ते कबूल करायला हवं. पडद्यावर चित्रं दाखवत त्यांनी सांगितलं, की आपल्याला साधा वाटणारा स्पर्श एखाद्या ऑटिस्टिक माणसाला चटका बसावा तसा लागू शकतो. पाठीमागून आलेला तर नकोच. कापडाची शिवण, टोचणारी जर, हेसुद्धा त्यांना सोसत नाही. 'विचारा. आधी विचारा,' असं त्यांनी दोनदा बजावलं. शिक्षक वहीत उतरवून घेत होते. मी मुलीकडे पाहिलं. ती मान डोलावत होती. मला वाटलं, चला, या माणसाला निदान कळलंय तरी.

आता पोन्नाडै म्हणजे काय ते सांगते. जरीच्या काठांची शाल. चेन्नईत कुणालाही स्टेजवर बोलावलं की आधी ती खांद्यावर घालतात. निवृत्त झालात, पोन्नाडै. नगरसेवक झालात, पोन्नाडै. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढायची, झटकायची, मागून पुढे लपेटायची, फोटोवाल्याकडे बघून थांबायचं. ती शाल पुन्हा कुणी पांघरत नाही. आमच्या कपाटात नवऱ्याच्या तीन पडल्यात. पण ती घातल्याशिवाय इथे माणसाचा मान राखला असं कुणाला वाटतच नाही.

माझ्या मुलीचं नाव पुकारलं. ती उठली, हेडफोन काढले, पायऱ्या चढून माइकपाशी गेली. कागद दोन्ही हातांनी धरला. तोंड उघडलं. आणि 'आधी विचारा' म्हणून दोनदा बजावणारे ते डॉक्टर पाठीमागून आले आणि त्यांनी ती शाल तिच्या मानेवरून लपेटली.

तिची किंकाळी माइकवरून त्या मोठाल्या स्पीकरमधून हॉलभर गेली. तिनं शाल ओरबाडून फेकली, कागद पडला, आणि ती दोन्ही कानांवर हात घेऊन टेबलाखाली जाऊन बसली. मागच्या कुणी शहाण्यानं टाळ्या वाजवल्या. का, ते त्यालाच ठाऊक. डॉक्टरांनी माइक हातात घेतला, शिक्षकांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "घाबरू नका. मी आत्ता जे सांगत होतो ना, ते हेच." आणि लोक, अहो, लोक पुढे वाकून बघायला लागले! दोघातिघांनी फोन वर धरले.

मी स्टेजवर गेले. त्या माणसाच्या मुस्कटात द्यायला हवी होती. निदान माइक हिसकावून घ्यायला हवा होता. मी काय केलं? शाल उचलली, नीट घडी घातली, त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "सॉरी, सर."

नंतर आम्ही हॉलच्या मागे हात धुवायच्या बेसिनपाशी तासभर जमिनीवर बसून होतो. पलीकडे पंगतीत केसरी, म्हणजे आपला शिरा, वाढत होते. तिचं भाषण झालंच नाही; वेळ संपली होती. एक स्वयंसेविका येऊन फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र देऊन गेली, 'सक्रिय सहभागाबद्दल'. मी ते तिथेच बेसिनखाली ठेवलं.

इथवरची गोष्ट मी खूप जणांना सांगितली आहे. नवऱ्याला, बँकेतल्या जुन्या मैत्रिणींना, सोसायटीत. रंगवून सांगते मी, डॉक्टरांची नक्कलही करते. सगळे म्हणतात, काय ही माणसं! आणि मी म्हणते, बघा ना.

पण एक तुकडा मी गाळत आले. त्या सकाळी आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा डॉक्टर दारातच भेटले आणि म्हणाले, "मॅडम, खऱ्या तज्ज्ञ तुम्ही. आम्ही फक्त पुस्तकं वाचतो." बस्स. एवढ्यावर मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. दोन मिनिटांनी तीच स्वयंसेविका आली. हातात कागद, आमच्या चार अटींचा. म्हणजे तो कागद तिनं वाचला होता. म्हणाली, "आंटी, यात अंगावर काही घालू नका असं आहे. पण पोन्नाडै सगळ्यांनाच घालतात. तिला एकटीला नाही घातली तर बरं दिसणार नाही. एकच मिनिट. चालेल ना?"

तिनं विचारलं होतं. मला विचारलं होतं. आणि माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो फोटो: माझी लेक स्टेजवर, खांद्यावर जरीची शाल. तो मी साताऱ्याला पाठवणार होते, माझ्या भावाला, ज्यानं त्याच्या मुलीच्या लग्नात 'हिला जरा आतल्या खोलीतच ठेव' म्हणून सांगितलं होतं. मी म्हणाले, "सरि." ठीक आहे. मुलगी पाच पावलांवर उभी होती, छताचा पंखा बघत. तिला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. चौदा पानं भरणाऱ्या त्या बयेच्या नावानं दोन वर्षं बोटं मोडणारी मी!

मुलगी पंखा बघत असली म्हणजे ऐकत नसते, असं लोकांना वाटतं. तसं नसतं, हे मी जन्मभर लोकांना ओरडून सांगत आले आहे.

परतीच्या ट्रेनमध्ये ती हेडफोन लावून बसली. त्या 'सरि'बद्दल मी मूग गिळून बसले. वॉशिंग मशीन सकाळी एकटंच घरघरत राहिलं. चार महिने गेले. मग एका शाळेचं बोलावणं आलं, शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी. मला वाटलं, ती नको म्हणेल. खरं तर म्हणावं असंच वाटत होतं. तिनं दोन दिवसांनी कागद आणून माझ्यापुढे ठेवला. अटी आता पाच झाल्या होत्या. जुन्या चार खाली सरकल्या होत्या. पहिली नवी होती: 'आईला विचारू नका. मला विचारा.'

मी वाचलं. ती समोरच उभी होती, माझ्याकडे न बघता.

"तू ऐकलं होतंस," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "पाठव."

मी पाचही अटी इंग्रजीत करून पाठवल्या, खाली तिचा नंबर दिला. संध्याकाळी शाळेचा मेसेज आला. माझ्या फोनवर. 'नोटेड, मॅडम. शाल घालणार नाही. तुमच्या मुलीला पुष्पगुच्छ दिला तर चालेल ना?'

माझ्या बोटांवर अशी झणझणीत उत्तरं आली होती की काय सांगू! एक तर अर्धं लिहूनही झालं. मग ते खोडलं, उठले आणि फोन तिच्यापुढे धरला.

तिनं मेसेज दोनदा वाचला, माझ्या हातातून फोन घेतला आणि लिहिलं, 'नको.'