आधी कुंडलिक बसणार

कापूरहोळच्या फाट्यावरनं भोरकडं वळलं की पत्र्याची एक टपरी लागती, ती कुंडलिक वेल्डरची. नांगर, ट्रॉली, जत्रंतला पाळणा, काय बी आणा, जोडून देतो. पण त्याचा एक नेम हाय. जोडलेल्या वस्तूवर आधी तो सोता बसणार, मग गिऱ्हाईक. आंबवड्याच्या जत्रंत पाळण्याचा दांडा जोडला, तवा एकटाच बसून सात फेऱ्या मारल्या, उतरून भडाभडा ओकला आन म्हणाला, "आता बसवा पोरं." लोकांना वाटतं गडी छातीचा हाय. मला इचारा. त्याच्याएवढं भित्रं माणूस भोर-वेल्ह्यात दुसरं न्हाई.

गेल्या साली घट बसायच्या आधी पुण्याची शेफाली तिची दोन माणसांची लाल गाडी घेऊन आली. शर्यतीतली गाडी, इतकी बुटकी की कोंबडं वरनं उडी मारून जाईल.

"काका, वळणावर हिचं अंग पिळतं," ती म्हणाली.

कुंडलिकला लगीच उमगलं. जुन्या बाजेवर कूस बदलली की बाज तिरकी होती, तसं. त्यानं पुढच्या दोन चाकांच्या मधी, खालच्या अंगानं बसणारा आडवा दांडा केला. दांड्याच्या दोन्ही टोकांना जाड पट्ट्या जोडल्या आन त्या बोल्टानं सांगाड्याला आवळल्या. मग नेमाप्रमाणं शेफालीच्या शेजारी जाऊन बसला. मांडीवर पान्यांची पिशवी, खिशात खुणा करायचा खडू.

भोर मागं पडलं, वरंध घाटाचा रस्ता चढाय लागला. गाडी भिंगरीगत पळत हुती.

"काका, बेल्ट लावलाय ना?"

"लावलाय की."

"मग माझं सीट कशाला धरलंय?"

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. बायको, रत्ना. ती सकाळीच पालीला माहेरी गेलेली. आता एक सांगाय पायजे. पावसाळ्यात वेल्डिंगचे रॉड, म्हंजी जोडात वितळणाऱ्या काड्या, सादळतात. सादळल्या रॉडनं केलेला जोड वरनं झ्याक दिसतो, आतनं भुसभुशीत. म्हणून रत्ना रॉड डब्यात घालून चुलीच्या वैलावर, बाजूच्या तोंडावर, शेकत ठेवती.

"आवं, वैलावरच्या डब्याला हात लावू नगा," रत्ना म्हणाली. "पोत्यातलं नवं रॉड भरून ठिवल्यात, शेकायचं हायती अजून. आयकताय न्हवं?"

"व्हय," म्हणून त्यानं फोन ठिवला.

सकाळी त्याच डब्यातनं त्यानं चार रॉड काढले हुते.

दांड्याचं एक टोक सुटलं तर ते रस्त्यात रुतणार आन गाडी त्याच्यावरनं कोलांटी खाणार. कठड्यापल्याड दरी. सांगावं तर वीस वर्षांचं नाव जातंय. एक वळण गेलं. गाडीखालनं 'टक' आवाज आला. खडा उडला आसंल, त्यानं मनाला सांगितलं. दुसरं वळण. परत टक. पायाचा घाम चपलेत उतरला. तिसऱ्या वळणाला त्यानं शेफालीचं सीट दोन्ही हातांनी धरलं. चौथं वळण समोर आलं तसा तो बोंबलला,

"ताई, उभी करा! माजा जोड कच्चा हाय!"

तिनं गाडी डोंगराच्या बाजूला चरीच्या काठाला लावली. तिचा बी रंग उडालेला. कुंडलिकनं पिशवीतनं क्वार्टरची बाटली काढली.

"काका! पिऊन जोडलंत?"

"प्यालो असतो तर एवढा भ्यालो नसतो. डिझेल हाय ह्यात."

तो चरीत उताणा पडला, हात खाली घातला, जोडावर डिझेल लावलं, चिंधीनं कोरडं पुसलं आन वरनं खडू घासला. जोड सलग असला तर खडू पांढरा राहतो. चीर असली तर आत गेलेलं डिझेल पाझरतं आन खडूवर रेघ उठती. तो बघत पडला. शेफाली वाकून इचारत हुती, "काय दिसतंय? काका, बोला ना!"

पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उठली. वाढत वाढत पट्टीच्या कडंला गेली.

त्यानं बोल्ट सोडले, दांडा भाईर वढला, जोडावर धोंडा घातला. दुसऱ्या घावाला पट्टी तुटून चरीत पडली. तवा कुठं तो खाली बसला. शेफाली बी शेजारी बसली, चिखलात.

"मला वाटलं, खडे उडतायत," ती म्हणाली.

"मला बी तसंच वाटून घ्यायचं हुतं."

परतीला गाडी बैलगाडीच्या चालीनं उतरली. मागनं टेम्पोवाला वरडला, "ढकलू का?" शेफालीनं हात भाईर काढून त्याला म्होरं जायची खूण केली.

पुढच्या रविवारी नवा दांडा बसला. रॉड रत्नानं दोन दिवस शेकलेले, आन खडू तीनदा घासून पांढराच राहिलेला.

"काका, आता तुम्ही नाही आलात तरी चालेल," शेफाली म्हणाली. "माझा विश्वास आहे."

"तुमचा हाय वो," कुंडलिक म्हणाला, "माजा न्हाई."

आन दार उघडून बसला. बसल्या बसल्या तिचं सीट धरलं.