घाईत दिलेला होकार

त्या वर्षी मला सारखं उकडायचं. मी ठाण्यात मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि नौपाड्यात आईवडिलांकडे राहत होते. थंडीतही पांघरूण नको वाटे. भरपूर जेवत होते, तरी पोलक्याच्या बाह्या सैल होत चालल्या होत्या. डोक्यात काही आलं की ते करून टाकेपर्यंत धीर निघत नसे. मुख्याध्यापिकाबाई वेळापत्रकावरून काहीतरी बोलल्या आणि मी तिथल्या तिथे राजीनामा दिला.

त्याच आठवड्यात कल्याणचं स्थळ आलं. मुलगा कोर्टात कारकून. जाताना तो म्हणाला, "सावकाश कळवा. घाई नाही."

"वेळ कशाला? मला पसंत आहे," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

वडील हळूच म्हणाले, "अगं, विचार तरी कर."

"केला, अप्पा."

महिन्याभरात मी कल्याणला राहायला गेले. तिथे जिना चढताना छाती धडधडू लागली, कपातला चहा बशीत सांडू लागला. अप्पांच्या ओळखीचे डॉक्टर नौपाड्यात होते. हे मला त्यांच्याकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी माझा गळा चाचपला, हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला. कागद थरथरत राहिला.

"गळ्यातली ग्रंथी जास्त काम करते आहे," ते म्हणाले. "हार्मोन वाढलं की माणूस थांबत नाही. अलीकडे घाईनं काही केलंत का?"

"नोकरी सोडली," मी म्हणाले. "आणि लग्न केलं."

डॉक्टर हसायला लागले, मग यांच्याकडे पाहून थांबले. हे जमिनीकडे बघत होते.

मुंबईला ऑपरेशन झालं. धडधड गेली, थरथर गेली. त्यांच्याबरोबर आणखीही काहीतरी गेलं. मी उन्हात शाल घेऊन बसे. कोणी काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागे. आई येऊन माझ्याजवळ रडली. मी तिच्या हातातल्या बांगड्या बघत राहिले.

एका संध्याकाळी यांनी विचारलं, "आज मी पुन्हा बघायला आलो असतो, तर हो म्हणाली असतीस?"

मी खरोखर विचार केला. आत काहीच हललं नाही.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"बरं," हे म्हणाले आणि कंदिलाची काच पुसू लागले.

पुढे कमी पडलेल्या हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या, अंगात थोडी ऊब आली. कल्याणच्याच एका शाळेत मी लागले. माहेरी परत जावं असं कधी वाटलं नाही, इथेच राहावं असंही ठरवलं नाही. संसार झाला. यांनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.